इनासभाऊंना कोणता पिक्चर दाखवायचा?

किस्से हे घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडावं तर सगळ्या अंगावर येतात! आमच्या मंडळाचं तसंच झालंय.

वसई तालुक्यातल्या चंदनसारच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. बिल्डरने ती जिमसाठी ठेवली होती, पण मशीन्स काही आली नाहीत. मग आम्ही तिथे पुस्तकांचं एक कपाट ठेवलं, सेकंडहँड प्रोजेक्टर लावला आणि दर रविवारी दुपारी चारला जमायला लागलो. एका रविवारी पुस्तक, दुसऱ्या रविवारी पिक्चर. नोटीस बोर्डावर मीच लिहिलं होतं, 'या, मन हलकं करा!' चार वर्षं झाली. मनं हलकी होतात की आणखी गोंधळतात, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मंडळाची चालक मीच. सगळी नोकरी मेडिकलच्या काउंटरवर गेल्यामुळे पुस्तक देतानाही तोंडातून तेच येतं, "सकाळी एक प्रकरण, संध्याकाळी एक. रिकाम्या पोटी वाचू नका."

*

पहिले सभासद कदम. लिफ्ट दुरुस्तीत आयुष्य गेलं, मूळचे चिपळूणकडचे आणि पक्के नास्तिक. इतके, की लिफ्टमध्ये कोणी गणपतीचं स्टिकर लावलं तर म्हणायचे, "त्यापेक्षा ग्रीस लावा!"

एकदा आम्ही जुना संतपट लावला. देवळाचं बंद दार आपोआप उघडतं तो सीन आला आणि मला शेजारी काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. बघते तर कदमांनी चपला काढून खुर्चीखाली सारल्या होत्या.

"कदम, चपला का काढल्या?"

"पाय घामेजले, वहिनी!"

डिसेंबर महिना. थंडीमुळे वर पंखासुद्धा बंद होता!

*

दुसरे इनासभाऊ. वसईच्या पश्चिमेला त्यांची वाडी आहे, केळी आणि सोनचाफ्याची. रविवारी सकाळी आमच्या गेटवर टेम्पो लावायचे. त्यांची बायको सेसिलबाई सोबत असायची, ती केळी विकता विकता आमच्या कपाटातली पुस्तकं वाचायची. घड मोजून देताना एक बोट पानात अडकवलेलंच!

दोन वर्षांपूर्वी सेसिलबाई आजारी पडली. इनासभाऊंनी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून नोव्हेना केली. म्हणजे नऊ दिवस नेमाने प्रार्थना. नवव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर ते एकदा आले ते तिच्याकडे राहिलेलं पुस्तक परत करायला. त्या दिवशी पिक्चर चालू होता. ते मागच्या खुर्चीत बसले आणि मग दर रविवारी बसायला लागले. चर्चमध्ये मात्र गेले नाहीत. शनिवारी आल्तारसाठी, म्हणजे चर्चच्या वेदीसाठी, फुलं घेऊन जातात, पायरीवर ठेवतात आणि तिथूनच मागे फिरतात. देवावर राग आहे म्हणावं तर फुलं कशाला? राग नाही म्हणावं तर आत का जात नाहीत? मी एकदा विचारलं.

"फुलांचा काय गुन्हा, ताई?" ते म्हणाले.



*

गेल्या पावसाळ्यात त्यांची मुलगी मेलिसा मला भेटायला आली. तिचं लग्न ठरलं होतं, जानेवारीत, त्याच चर्चमध्ये.

"आंटी, पप्पा म्हणतात, जेवणावळीचं सगळं बघतो, पण तुला आत काका नेईल. मला पप्पाच पाहिजेत. हात धरून आल्तारपर्यंत." तिचे डोळे भरले. "माझं ऐकत नाहीत, फादरचं ऐकत नाहीत. तुमच्याकडे मात्र दर रविवारी येतात. काहीतरी वाचायला द्या ना. पिक्चर दाखवा. काहीपण!"

मला एकदम काउंटरवर उभी असल्यासारखं वाटलं. समोर पेशंटच्या घरातलं माणूस, हातात डॉक्टरची चिठ्ठी नाही, आणि म्हणतंय काहीतरी द्या! मी म्हटलं, बघते. हे 'बघते' मला फार जड गेलं.

*

पहिला डोस म्हणून मी एक धीर देणारं पुस्तक दिलं. त्यात एक साधू बागेतल्या फुलांशी बोलत बोलत दुःखातून बाहेर येतो. आठवड्याने इनासभाऊंनी ते परत केलं. मी आशेने विचारलं, "कसं वाटलं?"

"ताई, ह्या मानसानं चाफा सावलीत लावलाय."

"अहो, पण त्याचं दुःख..."

"सावलीत लावल्यावर दुःखच होनार!"

एरवी इनासभाऊ आमच्याशी आमच्यासारखंच बोलतात. पण आतून हलले की गावची बोली येते. म्हणजे हलले होते नक्की. पण साधूमुळे की चाफ्यामुळे?

*

कदमांचं मत वेगळं होतं. "दुःखावरची पुस्तकं देऊ नका, वहिनी. तन्वीला मी काय दिलं होतं, आठवा."

तन्वी आमची सगळ्यात लहान सभासद, सत्तावीस वर्षांची. तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तीन आठवडे रडत होती. मी एकापाठोपाठ एक हळव्या कादंबऱ्या दिल्या, तर रडणं दुप्पट! शेवटी कदमांनी तिला त्यांचं जाडजूड लिफ्ट दुरुस्तीचं मॅन्युअल दिलं. तिने चार दिवसांत संपवलं आणि रडायची थांबली.

"काकू, त्यात रडायला जागाच नव्हती," ती म्हणाली. "प्रत्येक बिघाडाच्या पुढे उपाय लिहिलाय!"

कदमांनी मोठ्या विश्वासाने तेच मॅन्युअल इनासभाऊंना दिलं. पुढच्या रविवारी परत!

"आमच्या वाडीत लिफ्ट नाय."

*

मधल्या काळात माझंच औषध मला लागलं.

इनासभाऊंसाठी शोधता शोधता मला एक पुस्तक सापडलं, माणसाच्या प्रार्थनेला उत्तर का येत नाही, यावरचं. आधी आपण तपासून बघावं म्हणून वाचायला घेतलं. लेखक एवढं मुद्देसूद बोलतो की मला सगळं पटायला लागलं! सव्वीस वर्षांचा माझा गुरुवारचा उपास. त्या गुरुवारी दुपारी पुस्तक वाचता वाचता मी दोन बटाटेवडे खाल्ले. दुसरा संपताना लक्षात आलं.

नवऱ्याने बघितलं. "उपास सोडलास?"

"सोडला नाही. मध्यांतर घेतलंय."

हसण्यावारी नेलं खरं, पण मी घाबरले होते. मुलाचं बारावीचं वर्ष, सासूबाईंचं ऑपरेशन, सगळं त्या उपासाच्या आधाराने काढलं होतं. ते पुस्तक मी इनासभाऊंना दिलं नाही. कपाटात ठेवलं, तेही मागच्या रांगेत. पुढच्या गुरुवारी उपास केला. श्रद्धेने केला की सवयीने, हे मात्र अजून सांगता येत नाही.

*

मग मी सगळ्यात मोठी चूक केली.

कोणीतरी सांगितलं, एक परदेशी पिक्चर आहे, श्रद्धेवरचा, दगडालाही पाझर फुटेल असा. मी आधी न बघताच लावला! त्यात आजारी मुलीसाठी आई नऊ दिवस प्रार्थना करते. पहिल्या दिवसाचा सीन आला तेव्हाच मला चूक कळली. उठून बंद करावा तर इनासभाऊ टक लावून बघत होते. नवव्या दिवशी ती मुलगी उठून बसते आणि पाणी मागते.

इनासभाऊ उभे राहिले. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तिची नोव्हेना लागली. मंग माझी का नाय लागली? मी काय कमी केला?"

आणि निघून गेले. मी रिमोटने पिक्चर बंद केला. तन्वी रडायला लागली. मेलिसाला काय तोंड दाखवणार होते?

*

त्या पिक्चरवर सगळ्यात जास्त चिडले ते कदम. "खोटारडा डायरेक्टर!" म्हणत खुर्च्या आपटत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना मला ते सोसायटीच्या गेटवर दिसले. घामाने डबडबलेले, गुडघे धरून चालत होते आणि कपाळाला हे एवढं कुंकू!

"कदम, कुठून?"

"जीवदानीच्या डोंगरावरून."

"तुम्ही? एवढ्या पायऱ्या चढून देवीला?"

"दर्शनाला नाही हो! भांडायला गेलो होतो. त्या इनासवर अन्याय झालाय. कोणीतरी बोलायला नको?"

"अहो, पण तुमच्या मते वर कोणी नाहीच. मग भांडलात कोणाशी?"

कदम तिथेच कट्ट्यावर बसले. टॉवेलने मान पुसली.

"तोच तर घोळ झालाय, वहिनी!"

*

मला वाटलं, इनासभाऊ आता येणार नाहीत. पण पुढच्या रविवारी चारच्या ठोक्याला मागच्या खुर्चीत हजर!

नोव्हेंबरमध्ये मेलिसाने फादरना गळ घातली, तुम्हीच एकदा मंडळात या. ते आले, पण आम्ही त्या दिवसाचा पिक्चर आधीच ठरवला होता. नेमका तो एका धर्मगुरूचा निघाला, ज्याची श्रद्धा उडते आणि तो झगा खुंटीला टांगून गाव सोडून जातो! तन्वीने घाईघाईने बंद करायला हात नेला.

"अहो, राहू द्या, राहू द्या," फादर पुढे सरकून बसत म्हणाले. "परत येतो की नाही ते बघू द्या मला!"

पिक्चर संपला. तो परत येतो की नाही, हे दाखवलंच नाही. माणूस एका फाट्यावर उभा, आणि वर नावं यायला लागली. कदम म्हणाले, गेला. तन्वी म्हणाली, आला असणार. मी म्हटलं, बस चुकली असेल.

मागून इनासभाऊंचा आवाज आला. "फादर, तुम्हाला काय वाटतं?"

आम्ही सगळे फादरकडे वळलो. आता फादर काहीतरी असं बोलणार, की काम फत्ते!

फादरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खरं सांगू? मला पण समजलं नाही."

इनासभाऊ पहिल्यांदाच मोठ्याने हसले. नंतर दोघं बाहेर कट्ट्यावर अर्धा तास बोलत बसले. मी चहा द्यायला गेले, तर विषय केळीवरच्या करपा रोगाचा!

*

जानेवारी आला. लग्नाच्या आदल्या रविवारी मी इनासभाऊंना सरळ विचारलं, "भाऊ, आत जाणार ना?"

"बघतो."

माझंच 'बघते' मला परत मिळालं.

लग्नाला आम्ही चौघं गेलो. मी, नवरा, कदम आणि तन्वी. चर्च भरलेलं, आल्तारवर इनासभाऊंच्याच वाडीतली फुलं. दारात मेलिसा पांढऱ्या झग्यात, शेजारी काका कोट घालून तयार. इनासभाऊ नवा सूट घालून पायरीपर्यंत आले आणि थांबले. फुलं ठेवतात तीच पायरी.

आतून गाणं सुरू झालं. मेलिसाने हात पुढे केला. "पप्पा."

इनासभाऊंचं पाऊल उचलेना. मी बाजूलाच उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मना नाय जमत, ताई." चेहरा पांढराफटक पडला होता. काका पुढे आले. मेलिसाने मान खाली घातली. माझ्या डोक्यात एवढ्या पुस्तकांतलं एक वाक्य येईल तर शपथ!

तेवढ्यात व्हिडिओवाला मागे सरकत सरकत ओरडला. पन्नाशीचा माणूस, पोटावर पट्टा, त्यावर कॅमेरा. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अंकल, मस्त! चेहरा असाच ठेवा! आता मी बोललो की हळूहळू चालत यायचं. पिक्चरमधल्या बापासारखं!"

इनासभाऊंनी त्याच्याकडे बघितलं. "पिक्चरमधल्या?"

"हां अंकल. कॅमेऱ्यासाठी."

"फक्त कॅमेऱ्यासाठी?"

"मग काय! चला, ॲक्शन!"

इनासभाऊंनी मेलिसाचा हात धरला आणि आत पाऊल टाकलं. ताठ मानेने, अगदी हळू, कॅमेऱ्यावर नजर ठेवून आल्तारपर्यंत गेले. दोन वर्षं आत न गेलेला माणूस! मला रडू फुटलं. कदम खिशात रुमाल शोधत होते.

आणि व्हिडिओवाला म्हणतो कसा, "अंकल, सॉरी! फोकस गेला. एकदा परत दारातून या ना!"

चर्चमध्ये खसखस पिकली. मी मनात म्हटलं, संपलं! आता बाहेर गेले की हे कसले परत येतात! इनासभाऊंनी आल्तारजवळ उभ्या फादरकडे बघितलं. फादरनी दोन्ही हात पसरले, म्हणजे माझं काही चालत नाही, असे! बापलेक तसेच मागे फिरले, बाहेर गेले आणि दुसऱ्यांदा आत आले. या वेळी इनासभाऊंनी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही.

लग्न लागलं, मिस्सेची प्रार्थना झाली, सगळे बाहेर पायऱ्यांवर फोटोला जमले. नवरा-नवरीवर कागदाचे तुकडे उडत होते. इनासभाऊ कुठे दिसेनात. व्हिडिओवाला त्यांना शोधायला आत गेला, मागोमाग मी.

चर्च रिकामं होतं. पहिल्या बाकापाशी इनासभाऊ गुडघ्यांवर बसले होते, चेहरा दोन्ही हातांत.

व्हिडिओवाला बिचारा गडबडला. खाकरून हळूच म्हणाला, "अंकल, आता उठा. शूटिंग संपलं. कॅमेरा बंद केलाय मी."

इनासभाऊंनी चेहरा वर केला नाही.

"बंदच ठेव!"