बाबा मेधाच्या गाडीत

हौशी ऑफ-रोडिंगच्या वाटेवर माझी धाकटी बहीण मेधा तिची जीप खडकांवरून वर चढवत होती आणि तिच्या शेजारी बसलेले बाबा शांतपणे संत्रं सोलत होते. झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं, इतक्या हलक्या हातानं ती एकेक चाक दगडावर टेकवत होती. मी खाली उभी राहून पाहत होते आणि आतून जळत होते.

चिखलात गाडी चालवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. चिखलाला वेग लागतो, पाय जरा सैल पडला की चाकं रुतलीच. खडकाला मात्र घाई चालत नाही. मी आयुष्यही वेगातच काढलं, थांबले तर रुतेन या भीतीनं. मेधाला ती भीती कधी शिवलीच नाही, म्हणून तिच्याजवळ माणसं निवांत होतात.

ती दोघं खाली आल्यावर मी म्हणाले, "बाबा, पुढच्या चिखलात माझ्या गाडीत बसा."

"बसतो की. चिखलात तुझ्यासारखं कुणी चालवत नाही."

मी कुठंही न रुतता गाडी पलीकडे काढली आणि हसत त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरली होती आणि डोळे मिटून घेतले होते.