चारचौघांत गोळी घेणाऱ्या जिजी

जिजी, माझ्या सासूबाई, गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत रांगेत उभी होते. फोन यांचाच होता, हे त्या आठवड्यात फर्दापूरला आईपाशीच होते. "जिजी गेली. चहा घेतला आणि खुर्चीतच..." मी म्हटलं, तुम्ही बसा, मी निघते. गारखेड्यातून गाडीत बसून फर्दापूरला पोचेपर्यंत कोणाला कळवायचं, स्वयंपाकाचं कोण बघणार, माझ्या कुसुमआत्याला कोण घेऊन येणार, हे सगळं एका पाकिटाच्या पाठीवर लिहून झालं होतं. सवयच आहे ती. रडण्याला तेवढी त्यात जागा ठेवली नव्हती. रडू आलं ते जिजींना शेवटची आंघोळ घालताना. आता महिना उलटलाय. माझं लग्न ठरायच्याही आधी जिजींनी जे केलं, ते आता नीट मांडून ठेवावं असं वाटतंय.

कुसुमआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तरुणपणी तिला भीतीचा आजार झाला. कोणीतरी मारायला येतंय असं वाटून ती दारं लावून बसायची. उपचारांनी ती सावरली, पण एक झोपेची गोळी तिला वर्षानुवर्षं चालू होती. त्या गोळीनं तिचं बोलणं जड व्हायचं, पापण्या मिटायच्या. घराबाहेर कोणाला याचा पत्ता नव्हता. मला बघायला फर्दापूरचे पाहुणे येणार असं ठरलं आणि आमच्या घरात आवराआवर सुरू झाली. आमच्याकडं मुलगी बघायला येणारे नुसती मुलगी बघत नाहीत. तिची आई कशी बोलते, आत्या कशी वाढते, सगळं नजरेनं तोलून जातात. त्यामुळे भिंतींना चुना लागला, पडदे बदलले, आणि फडताळातला आत्याच्या गोळ्यांचा डबा माळ्यावर गेला. "कुणाच्या नजरेला पडायला नको," अण्णा म्हणाले, "अन् कुसुम जरा तरतरीत दिसली पाहिजे. सोयरीक जमली की करू परत सुरू." गोळी एकाएकी थांबवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण थोड्या दिवसांनी काय बिघडतंय, असं सगळ्यांनाच वाटलं.

आणि आधी तर सगळं छानच झालं. आत्या पहाटे उठून शेव पाडू लागली. मोठमोठ्यानं बोलू लागली. "बघा, गोळीनंच सुस्त केली होती पोरीला," अण्णा खूश होऊन म्हणाले. मग तिची झोप उडाली. झारा धरलेला हात थरथरायला लागला, बसल्या जागी घाम फुटायला लागला. आई विचारायची तर आत्याच म्हणायची, "काय नाय गं वहिनी, लगीनघाई हाय." पाहुणे आले त्या सकाळी तिच्या साडीची निरी मी नीट करून दिली, तेव्हा तिचं अंग आतून तारेसारखं ताणलेलं लागलं होतं...

पाहुण्यांत जिजी होत्या, हे होते, आणि जिजींचे थोरले दीर होते, ज्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नसे. पोह्यांचा ट्रे घेऊन आत्या बाहेर आली. दिरांसमोर वाकली आणि तशीच ताठ होऊन कोसळली. बशा फुटल्या. तिचे हातपाय झटके देऊ लागले, डोळे वर गेले. एकच गलका झाला. कोणी म्हणालं कांदा फोडा, कोणी म्हणालं चप्पल हुंगवा, दीर म्हणाले, "अंगात येतंय का हिच्या?" अण्णा चमचा घेऊन तिचे दात उघडायला धावले, तर जिजींनी त्यांचा हात धरला. "तोंडात काही घालू नका, पाटील. सरका, तिला हवा लागू द्या." त्यांनी टीपॉय बाजूला ढकललं, डोक्याखाली आपल्या पदराची घडी सारली आणि झटके थांबल्यावर आत्याला कुशीवर वळवलं. एवढं शांतपणे हे कसं जमतं बाईला, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

पाहुण्यांच्याच जीपमधून दवाखाना गाठला. तरुण डॉक्टर होते. "आधी कधी फिट आली होती? काही गोळ्या चालू आहेत? नुकत्या बंद केल्यात?" अण्णांनी एकदा दिरांकडे पाहिलं. "नाय हो. ठणठणीत हाय. उपास लई करते, अशक्तपणा आला असंल." आई जमिनीकडे बघत उभी. मी दाराशी. आत्याला काहीच उमगत नव्हतं, ती नुसती छताकडे बघत होती. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, थोड्या वेळानं घरी न्या. अण्णांचा चेहरा सैल झाला... आणि तेवढ्यात पलंग खडखडायला लागला. ही फिट पहिलीपेक्षा वाईट होती. ओठ निळे पडत चालले. डॉक्टर ओरडले, "काय बंद केलंय ते सांगा! पुन्हा पुन्हा येत राहिली तर मला आवरणार नाही!"

अण्णांनी पुन्हा दिरांकडेच पाहिलं.

"डॉक्टरसाहेब," जिजी म्हणाल्या, "झोपेची गोळी तोडली असंल हिची. मी घेते तसली. लई वर्षं झाली. एकदा गोळ्या सरल्या, म्हणलं बाजारच्या दिवशी आणू, अन् मळ्यात अशीच पडले. हात असेच कापत हुते आधी."

दीर गर्रकन वळले. "काय बोलायलात तुम्ही? कुठं बोलायलात?"

"दवाखान्यात बोलतेय, दादा. देवळात नाय." मग अण्णांकडे वळून, "पाटील, माझी तर गेली अब्रू. आता तुमची वाचवून काय करता? बाई जाईल हातची. बोला."

अण्णा खाली बसले. गोळीचं नाव त्यांनी रडत सांगितलं. इंजेक्शनं दिली गेली, बंद केलेली गोळी पुन्हा सुरू झाली. आत्या वाचली. पुढे तिच्या डॉक्टरांनी ती गोळी फार हळूहळू, महिनोन् महिने कमी करत आणली, आणि मूळ आजाराची एक लहानशी गोळी तेवढी कायम ठेवली.

सोयरीक मोडायची असं दिरांनी जीपमध्येच जाहीर केलं. "तिकडं बी तेच, इकडं बी तेच. घराण्याचं काय हुईल?" जिजी म्हणाल्या, "बरंच की. कोण कोणाला नावं ठिवणार?" हे मागच्या सीटवर बसून हसले, असं यांनीच मला लग्नानंतर सांगितलं; जिजी आणि हे ठाम राहिले म्हणूनच ते लग्न झालं.

पण ते हसण्यावारी गेलं नाही. गावात जिजींना 'गोळीवाली' म्हणू लागले. दिरांच्या नातवाच्या बारशात बाळ सगळ्या बायकांच्या मांडीवरून फिरलं आणि जिजींपाशी येऊन पुढे गेलं. मी शेजारीच बसले होते. त्यांनी ओंजळ केली होती, ती हळूच पदराखाली घेतली. घरी आल्यावर म्हणाल्या, "कुसुमचा फोन लाव गं. आवाज ऐकू तिचा." त्यानंतर मात्र त्यांनी लपवणं सोडून दिलं. ओसरीवर माणसं बसलेली असली की मुद्दाम बाहेर यायच्या, पाणी मागवायच्या आणि सगळ्यांच्या देखत गोळी घ्यायच्या. त्यांचीही मात्रा डॉक्टरांनी सावकाश उतरवत नेली होती, पण जी काय होती ती ओसरीवरच.

तेराव्याला घर भरलेलं होतं. पंगत उठली, पुरुष माणसं ओसरीवर पानसुपारीला बसली, थोरले दीरही होते, आता काठी टेकत चालणारे. आत्या आतून आली, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून मोठ्यानं म्हणाली, "पाणी द्या गं कोणी." माझी नवी जाऊ लगबगीनं आली, ओशाळून कुजबुजली, "आत्या, आत चला ना. आत घ्या."

"आत कशाला?" आत्या म्हणाली. "आत अंधार हाय. इथंच आण."