दोघींत मिळून तीन

कंपनीची बस इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर होती तेव्हा सुमाताईंचा फोन आला. "आई गेली गं. सकाळी, झोपेतच." त्या पुलावर मध्येच उतरता येत नाही. शेवटपर्यंत जाऊन, दुसरी बस पकडून मी बसवनगुडीला घरी परत आले. याला आता दीड महिना झाला.

वत्सलाअक्का माझ्या घरमालकीण, सुमाताई त्यांची मुलगी. घराणं चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे मराठीत कानडी सहज मिसळलेली. सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढून त्या निवृत्त झाल्या आणि बागेत जगलिंग करणाऱ्या कॉलेजच्या मुलींकडून तेच शिकून आल्या. चेंडूंचं नव्हे, क्लबांचं. लांबट बाटलीसारखे, बारीक मुठीचे ते प्लास्टिकचे क्लब घेऊन त्या रोज सकाळी गच्चीवर असत. सुमाताईंना हे मुळीच पटत नसे. "या वयात सर्कस कशाला?" म्हणायच्या.

मी वरच्या मजल्यावर राहायला आले त्याच वर्षी माझी नोकरी गेली. पुण्याला घरी सांगायचं धाडस होईना. इथेही कुणाला कळू नये म्हणून रोज ऑफिसचे कपडे घालून निघायचे, कोरमंगल्यात कुठेतरी कॉफी घेऊन बसायचे आणि सकाळी अकरालाच गुपचूप परत यायचे. आठवडाभराने अक्कांनी मला जिन्यातच अडवलं. हातात एक क्लब दिला. "स्वल्प धर हे."

गच्चीवर त्यांनी आधी एकच क्लब फेकायला लावला. मुठीवर अंगठा सरळ ठेवायचा, डोळ्यांच्या उंचीवर एक गिरकी घेऊ द्यायची, दुसऱ्या हातात झेलायचा. मग दोन. पहिला सगळ्यात वर पोचला की दुसरा सोडायचा. मला घाई व्हायची, दोन्ही एकदम सुटायचे, आणि मी पडणाऱ्या क्लबामागे वाकडीतिकडी धावायचे.

"धावू नकोस," अक्का म्हणाल्या. "पडला तो पडला. सगळे खाली येऊ देत, मग उचल."

चौथ्या दिवशी गच्चीवरच बसून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. "सरी, ठीक आहे. आता हेच बाबांना सांग," म्हणून खाली गेल्या, मला एकटीला बोलता यावं म्हणून. मी फोन लावला. बाबा म्हणाले, "जेवतेस ना नीट?"

नवी नोकरी लागायला पाच महिने गेले. तोवर मला तीन क्लब येऊ लागले होते आणि अक्कांचा उजवा हात थरथरू लागला होता. झेललेला क्लब हातात टिकेना. दोन दिवस त्या वर आल्याच नाहीत. मीच त्यांना बोलवायला गेले.

"माझा हात आता कामाचा नाही गं."

"डावा आहे ना?"

आम्ही खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो. त्यांचा डावा हात, माझा उजवा, मध्ये तीन क्लब. दोघी मिळून एक माणूस. ही युक्ती सोपी असते म्हणतात. आम्हाला महिना लागला, आणि त्या महिन्यात अक्का जितक्या हसल्या तितकं मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी सुमाताई घर आवरत होत्या, मी मदतीला होते. पावसाळ्यात आत खेळता यावं म्हणून अक्कांनी दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावून ठेवला होता. सुमाताईंनी त्याला हात घातला, मधल्या जागी आणायला थोडा ओढला आणि थांबल्या.

"तुम्ही खेळताना कुठल्या बाजूला उभी राहायची गं आई?"

"डावीकडे."

त्यांनी सोफा पुन्हा भिंतीला सरकवला आणि माझ्या डावीकडे येऊन उभ्या राहिल्या.