संगमरवरी पाटाखालचं नाव

आन्सेल्मकाकांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. मुलगी क्लोतिल्द आणि आपला शिक्का. आमच्या सेंत-आंत्वान भागात पंधराव्या लुई राजाच्या काळच्या फर्निचरची धाटणी उतरवणारे कारागीर पैशाला पासरी, पण काकांच्या खणांच्या कपाटाचं फुगीर पोट पाहून हात फिरवल्याशिवाय राहवत नसे. काम संपलं की वरच्या संगमरवरी पाटाखाली ते आपल्या नावाचा पोलादी शिक्का ठोकत.

"दिसत नाही, तर ठोकता कशाला?" मी विचारायचो.

"देवाला दिसतो, यूर्बें. आणि पाट उचलणाऱ्या हमालाला."

एकदा काका छातीच्या दुखण्यानं महिनाभर घरी होते. त्यांचं नुकतंच झालेलं कपाट आमच्या कारखान्याच्या मालकांना शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून खपवायचं होतं. त्यावर जिवंत माणसाचं नाव कसं चालणार?

"घासून टाक. मुकादम तुलाच करतो," मालक म्हणाले.

मी घासलं. नाही म्हणायला तोंड होतं, उघडलं नाही. मी डावखुरा. लाकूड घासताना माझी पाती तिरकी चालते म्हणून अख्खा कारखाना मला हसायचा.

पाच वर्षांनी तेच कपाट मुठी बसवायला परत आलं. काकांची नजर तोवर गेली होती. खबर लागताच ते क्लोतिल्दचा हात धरून आले.

"उचल रे तो पाट! ही मला विचारते, जन्मभर भुसा खाल्लात, मागे काय ठेवलंत?"

"बाबा, गंमत केली होती हो मी!"

पाट उचलला. काकांचा अंगठा नेमका त्या जागेवर गेला आणि थांबला. मग घासलेल्या खळग्यातून तिरका, सावकाश फिरला. धरणी दुभंगावी असं वाटलं.

"कुठंय नाव, बाबा?"

"विसरलो असेन गं ठोकायला."

"तुम्ही? आणि विसरलात?"

"म्हातारा झालो."

निघताना त्यांनी चाचपडत माझा डावा हात धरला आणि हळूच म्हणाले, "मुकादमसाहेब, पाती अजून तिरकीच धरता का?"

क्लोतिल्द जिन्याशी थांबली होती. तिला हाक मारून खरं सांगता आलं असतं.

काका जाऊन अकरा वर्षं झाली. ती बाजारात भेटते, हसत म्हणते, "बाबा शेवटी शेवटी फार विसराळू झाले होते, नाही?"

मी मान डोलावतो.