तात्यांनी नारळ फोडला नाही

"आवं तात्या, भाईर या, नारळ तरी द्या!" आण्णा बांधावरून ओरडत होता, आणि त्याचे थोरले भाऊ तात्या नारळ पोटाशी धरून दलदलीत छातीभर पाण्यात बसले होते.

"पाणी काडलंस तर पाखरं बसत्याल कुठं?" एवढंच ते म्हणाले.

परवा आष्ट्याच्या वाटेवर ओल्या लव्हाळ्याचा वास आला आणि हे सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. तेव्हा लढाई नुकतीच संपलेली. पलटणीतून परतलेल्या आण्णाला चर खणून दलदल आटवायची होती, तिथं ऊस लावायचा होता. त्यानं इर्जिक घातली. म्हणजे गावानं एक दिवस फुकट राबायचं, त्यानं जेवू घालायचं. पण थोरल्यानं नारळ फोडल्याशिवाय पहिली कुदळ मारणार कोण?

थंडीचे दिवस. बदकं एवढी, की खाली पाणी आहे हे ऐकूनच खरं मानायचं. तात्यांना डसलेल्या जळवा दुपारपर्यंत पडवळाएवढ्या झाल्या, तरी गडी हलला नाही. दिवस मावळला. आम्ही आण्णाचं मटण चापलं आणि कोऱ्या कुदळी घेऊन घरी गेलो. पुन्हा इर्जिक घालायची आण्णाची छाती झाली नाही.

तेव्हा मला तात्या येडे वाटले. आज चहूकडं ऊस आहे आणि मधोमध तेवढंच पाणी, पाखरांनी भरलेलं. त्या माणसाला सलाम ठोकावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "सोन्यासारखं रान सोडलंसा. बदकं काय देत्यात वो तुमास्नी?"

"काय न्हाई," तात्या म्हणाले. "येत्यात."