आखूड दोर

बोरीवलीच्या मासळी बाजाराबाहेर मी रोज सकाळी बसची वाट बघायचे. तिथेच एक कोळी म्हातारा मासळी उतरवून झाली की पिकअप धुवायचा. पत्रा तापतो म्हणून मागे गोणपाट अंथरायचा, त्यावर जुनी गोधडी, आणि गोधडीवर त्याचा वासराएवढा काळा कुत्रा. कुत्र्याच्या छातीला पट्टा असायचा. पट्ट्याचा दोर इतका आखूड, की त्याला बसता-उठता यायचं, पण गाडीच्या कडेपर्यंत जाता यायचं नाही. म्हातारा गाठ ओढून बघायचा, गाडीत बसायचा, पुन्हा उतरून ओढायचा.

एकदा मला राहवलं नाही. "काका, दोर जरा सैल सोडा ना. किती जखडलंय बिचाऱ्याला!"

माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "ताई, होडी बांधताना दोर सैलच ठेवायचा, नाहीतर भरतीला होडी बुडते. जन्मभर तेच केलं. याच्या आईलापण तसंच बांधलं, गळ्याला. सिग्नलला तिनं बाहेर उडी मारली. दोर जमिनीपर्यंत पुरला नाही."

माझी बस आली. चढताना मागे वळून पाहिलं, तर तो गाठ बघायला तिसऱ्यांदा खाली उतरला होता.