तीन हुकांची पट्टी

टेलरबाईंनी स्वतःसाठी शिवलेली एकच गोष्ट लोकांना दाखवण्यासारखी नव्हती. जाड सुती कापडाची, कपाळाला आवळायची ती पट्टी होती आणि तिला तीन हुक होते: पहिला साध्या दुखण्याचा, दुसरा वाईट दिवसाचा, आणि तिसरा लागला की दार बंद. फडकं बांधायचं तर मागून गाठ मारायला कुणीतरी लागतं. नवरा गेल्यापासून ते कुणीतरी नव्हतं, म्हणून हुक.

अर्धशिशी बाईंना अकरा वर्षांपासून होती. उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागायची. शेजारीण म्हणायची, आलं चघळ. गिऱ्हाइकं म्हणायची, गरम पाण्यात पाय सोडा, मानेवर बर्फ ठेवा. बाईंनी सगळं करून पाहिलं. कधी गुण यायचा, कधी नुसतेच पाय स्वच्छ व्हायचे. डॉक्टरांची गोळी खरी, पण तीही महिन्यातून आठ-नऊ दिवसच घ्यायची. जास्त झाली तर गोळीनेच डोकं धरतं.

धाकट्या बहिणीची पन्नाशी आली. तिने फोनवर बजावलंच, "ताई, बारसं नाही की लग्न नाही, फक्त जेवायला ये म्हणतेय. या वेळी पण तुझं डोकं दुखलं ना, तर मी काय समजायचं ते समजेन. पुन्हा बोलावणार नाही."

बाईंना हे फार लागलं. गेल्या चार समारंभांना त्या गेल्या नव्हत्या. धाकटीसाठी त्यांनी निळा ड्रेस शिवला, आदल्या दिवशी लवकर झोपल्या, चहासुद्धा मोजून घेतला. आणि सकाळी दहाला, ड्रेसची घडी घालताना, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वेड्यावाकड्या टाक्यांची रेघ चमकायला लागली.

गोळी लगेच घेतली. बर्फ, आलं, अंधार सगळं केलं. बारा वाजता दुसरा हुक लागला होता. फोन करायला त्यांनी हात पुढे केला आणि त्या तिथेच थांबल्या. आजवर त्या बऱ्या असल्या तरच बाहेर पडायच्या, केस विंचरून, हसतमुख. दुखणं कायम कडी लावून भोगलं. मग कुणाचा विश्वास बसणार तरी कसा?

काळा चष्मा, कपाळाला पट्टी, हातात ड्रेसची पिशवी. रिक्षा दोनदा थांबवायला लावून त्या रस्त्याकडेला ओकल्या. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, दवाखान्यात नेऊ का?" त्या म्हणाल्या, "जेवायला चाललेय."

दार धाकटीने उघडलं. तिचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"अगं बाई! हे असं होतं तुला?"

"असंच होतं."

"मग सांगायचं नाहीस का गं कधी?"

अकरा वर्षं फोनवर सांगतच होते, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. धाकटीने त्यांना आतल्या खोलीत निजवलं, पडदे ओढले, पट्टी तिसऱ्या हुकावर लावून दिली आणि पाहुण्यांकडे गेली. भिंतीपलीकडे सगळे हसत होते, ताटं वाजत होती. बाई एकट्याच पडल्या होत्या, घरी पडायच्या तशाच.

थोड्या वेळाने धाकटीने दार किलकिलं केलं. "उतरलं का गं?"

इतकी वर्षं जो विचारेल त्याला बाई म्हणायच्या, बरी आहे आता.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि रडल्या. रडलं की डोकं आणखी दुखतं, हे पक्कं ठाऊक असूनही रडल्या.